विचारा की! दुबईवरून पण अमेरिका अन् सिंगापूरवरून पण अमेरिका?

या खेपेला पत्रांच्या गठ्ठ्यात निम्मी पत्रं विमानाचीच निघाली. साहजिक आहे म्हणा, सोलापुरात होटगी रोडला इतकी वर्षं नुसती धावपट्टी बघून आलो आपण, मग २०२३ च्या जूनमधे विमानांच्या आड येणारी कारखान्याची चिमणी पडली, २०२५ च्या जूनमधे गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरात मुंबईचं, त्यामुळे आता कट्ट्यावर पण नॉटिकल मैल वगैरे ऐकू यायला लागलंय. मी नवी पेठेजवळ बावीस वर्षं तिकिटांचं दुकान चालवलंय, म्हणून संपादकांनी हा अंक माझ्या गळ्यात मारला. तर घ्या.

जुळे सोलापूरच्या एक ताई विचारतात: लेक सॅन फ्रान्सिस्कोजवळ असते, तिच्या बाळंतपणाला मी आणि हे पहिल्यांदाच जाणार आहोत. मोबाईलवर मुंबईहून अंतर साडेतेरा हजार किलोमीटर दाखवतंय, विमान ताशी नऊशेनी जातं म्हणे, म्हणजे हिशोबाने १५ तास. पण एक एजंट म्हणतो दुबईवरून २३ तास, दुसरा म्हणतो सिंगापूरवरून २५ तास. दुबई पश्चिमेला, सिंगापूर पूर्वेला, मग दोन्हीकडून एकच गाव कसं येईल? ह्यांचं म्हणणं दोघातला एक नक्की गंडवतोय. कोण ते सांगा.

ताई, कोणीच गंडवत नाहीये, साहेबांना म्हणावं शांत व्हा. आणि आधी एक डाळिंब घ्या. सोलापुरात राहून घरात डाळिंब नाही असं सांगू नका, चांगलं आख्खं घ्या, वरचा मुकुट शाबूत असलेलं. मुकुट म्हणजे उत्तर ध्रुव, देठाची बाजू दक्षिण ध्रुव आणि पोटाचा सगळ्यात फुगीर भाग म्हणजे विषुववृत्त. आता पोटाच्या जरा वर पेनाने एक ठिपका द्या, ती मुंबई. मग फळ फिरवा, अगदी पाठीमागच्या बाजूला, पोटापासून मुकुटापर्यंतच्या निम्म्याला थोडं कमी एवढ्या उंचीवर दुसरा ठिपका द्या, ते सॅन फ्रान्सिस्को. आता शिवणाचा दोरा घ्या आणि एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत ताणून बघा. पोटावरून डावीकडून नेलात तरी लांब पडतो, उजवीकडून नेलात तरी लांबच, पण दोरा ढिला सोडून परत ताणला की तो आपोआप वर सरकतो आणि मुकुटाच्या शेजारून जाऊन बसतो. तेच तुमचे साडेतेरा हजार किलोमीटर. मोबाईल तेवढाच ताणलेला दोरा मोजून दाखवतो, विमान कुठून जाणार ते त्याला माहीत नसतं.

भिंतीवरच्या नकाशाने आपला सगळ्यांचा घोळ केलाय. मर्केटर नावाच्या माणसाने १५६९ मधे जहाजवाल्यांच्या सोयीसाठी तो काढला, दिशा बरोबर ठेवायच्या नादात ध्रुवाकडचा भाग इतका फुगला की ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. त्या नकाशावर अमेरिका डाव्या टोकाला म्हणून आपल्या डोक्यात बसलंय की अमेरिकेला जायचं म्हणजे पश्चिमेला जायचं. न्यूयॉर्कचं ते बऱ्यापैकी खरं आहे, पण सॅन फ्रान्सिस्को इतकं पलीकडे आहे की आपल्या पाठीमागेच आलं म्हणा, तिथे पूर्व-पश्चिम या भांडणात अर्थ राहत नाही.

आता गंमत बघा. दुबईहून सुटलेलं विमान पश्चिमेला वळतच नाही, हवामान बरं असेल तर ते इराणवरून, रशियावरून जवळजवळ सरळ उत्तरेला जातं आणि ध्रुवाच्या अंगाअंगाने पलीकडे उतरतं. मुंबई ते दुबई एकोणीसशे-सव्वाएकोणीसशे किलोमीटर, तीन तास, पुढचं १३,००० किलोमीटर, साधारण १६ तास, मधे चार तास बसायचं, झाले २३. सिंगापूरचं विमान जपानच्या बाजूने पॅसिफिकवरून जातं. मुंबई ते सिंगापूर ३,९०० किलोमीटर, साडेपाच तास, पुढे जवळपास १३,६००. म्हणजे दुबईवरून एकूण पंधरा हजार आणि सिंगापूरवरून साडेसतरा हजार. अडीच हजार किलोमीटर जास्त म्हणजे हिशोबाने तीन तास जास्त लागायला पाहिजेत, पण फरक दीड-दोन तासांचाच येतो कारण सिंगापूरकडून जाताना वारं पाठीशी असतं.

हे वारं म्हणजे साधंसुधं नाही. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे हवेची एक नदीच वाहते, जेट स्ट्रीम म्हणतात तिला, हिवाळ्यात तर फारच जोरात. तुम्ही सायकलवर होटगी रोडला वाऱ्याविरुद्ध गेला असाल तर कळेल, पाय तेवढेच मारता पण येताना अर्ध्या वेळात घर येतं. विमानाचा नऊशेचा वेग हवेत मोजलेला असतो, जमिनीवर नाही. हवाच दीडशेने पुढे पळत असेल तर तुम्ही साडेदहाशेने गेलात, आणि समोरून असेल तर साडेसातशेने. ८ फेब्रुवारी २०२० ला वादळाच्या दिवसात ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी त्याला सहा-साडेसहा तास लागतात.

आणि त्याच्यापेक्षा भारी उदाहरण आपल्याकडचंच आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, जवळपास १३,९०० किलोमीटर. २०१६ च्या ऑक्टोबरमधे त्यांनी दिशाच उलटी केली आणि पॅसिफिकवरून नेलं, अंतर झालं १५,३०० आणि वेळ साडेचौदा तास, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन दोन तास आधी. मी तेव्हा हे दुकानात सांगितलं तर एक गिऱ्हाईक म्हणालं, पुण्याला पंढरपूरवरून गेलं तर लवकर पोचतं असं सांगताय काय राव.

तुम्ही म्हणाल मग मुंबईहून तो दोरा ताणल्यासारखं सरळ का नाही नेत. तो दोरा राजस्थान, पंजाब, लडाखवरून पुढे चीनच्या पश्चिम भागात, मग सायबेरिया, मग आर्क्टिक, अलास्का असा जातो. पहिली अडचण हिमालय आणि तिबेटचं पठार. विमानात हवेचा दाब गेला तर पायलटला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं म्हणजे माणसं मास्कशिवाय श्वास घेतील, आणि खाली जमीनच पंधरा हजार फुटांवर असेल तर येणार कुठे? म्हणून तिथून प्रवासी विमानं शक्यतो वळसा घालून जातात. दुसरी अडचण माणसांची. पाकिस्तानने २०१९ मधे फेब्रुवारी ते जुलै आणि पुन्हा एप्रिल २०२५ मधे भारतीय कंपन्यांच्या विमानांना आकाश बंद केलं, मग दिल्लीहून अमेरिकेला निघालेली विमानं वळसा घेऊन व्हिएन्नाला तेल भरायला थांबायला लागली. रशियाने २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद केलंय. म्हणजे वरचं आकाश पण आपल्या गल्लीसारखंच आहे, याला वाट आहे त्याला नाही. परदेशी कंपनीचं विमान जिथून सरळ जातं तिथून आपलं जाऊ शकेलच असं नाही, आणि उलट पण. मधे न उतरता जाणारं विमान आत्ता आहे का ते तिकीट काढायच्या दिवशीच बघा, ही उड्डाणं सुरू-बंद होत असतात.

अजून एक, तिकिटावर जी वेळ छापतात ती आकाशातली नसते. जागा सोडली तिथपासून पलीकडे दाराला लागेपर्यंतची असते, धावपट्टीवर रांगेत उभं राहणं, उतरल्यावर सरपटत जाणं सगळं त्यात, वर थोडी शिल्लक धरलेली. म्हणून कधीकधी विमान उशिरा सुटून पण वेळेत पोचतं आणि आपण पायलटचं कौतुक करतो.

आता मी दुकानात सांगायचो ते सांगतो. तेवीस का पंचवीस हा प्रश्न सोलापूरच्या माणसाने विचारायचाच नसतो. तुमचा प्रवास जुळे सोलापूरच्या दारातून सुरू होतो. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबई, तिथून विमानतळ तास-दीड तास, विमानाच्या तीन-चार तास आधी हजर, म्हणजे तेवीसचे अडतीस-चाळीस होतात, विमान संध्याकाळचं असेल तर अजून जास्त. त्यापेक्षा हैदराबादचं विचारा एजंटला. रस्त्याने तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर, साडेपाच-सहा तास, आणि शमशाबादचा विमानतळ बाहेरच्या रिंगरोडवर आहे त्यामुळे गावात शिरायची गरज नाही. तिथून दुबईला पण विमान आहे आणि सिंगापूरला पण. आपल्याकडे कितीतरी घरं अशी आहेत की हैदराबादला आत्या, मामा कोणीतरी असतंच, रात्र काढायची सोय होते. मुंबईच्या तिकिटापेक्षा दोन-तीन हजार जास्त पडले तरी मी हैदराबादच घेईन, हे माझं मत.

दोघांचं वय लक्षात घेऊन दोन गोष्टी. सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, स्वस्त पडतं म्हणून दुबईपर्यंत वेगळं आणि पुढचं वेगळं असं करू नका, पहिल्याला उशीर झाला तर एका तिकिटात पुढची सोय कंपनी करते, दोन तिकिटांत तुम्ही आणि तुमचं नशीब. आणि व्हीलचेअर मागा, निदान ४८ तास आधी सांगून ठेवा, चालता येत असलं तरी मागा, लाज कसली, ढकलणारा पोरगा तुम्हाला बरोबर पुढच्या दारापर्यंत नेऊन सोडतो, इंग्रजी पाट्या वाचत पळायला नको. सोळा तासांच्या विमानात मात्र दर दोन तासाला उठून फेरी मारा, पाणी प्या, पाय सुजतात आणि कधी रक्ताची गुठळी होते ती बसून बसूनच.

आणि तारीख नीट वाचा हो ताई. हे मी माझ्या पापातून सांगतोय. बरीच वर्षं झाली, एका काका-काकूंना मी मुंबईहून तिकीट काढून दिलं, १२ तारीख, रात्री ००:४०. मी तिकीट दिलं, पैसे घेतले, बोललो काहीच नाही. त्यांनी ११ च्या रात्री सिद्धेश्वर धरली, १२ ला सकाळी मुंबई, दिवसभर दादरला भाच्याकडे जेवून खाऊन झोपून रात्री दहाला ऐटीत विमानतळावर. विमान जाऊन जवळजवळ बावीस तास झालेले. काकांनी तिथूनच फोन केला, शिवी दिली नाही, एवढंच म्हणाले की कडक भाकरीचं पोतं घेऊन उभा आहे, आता काय करू सांगा. पुढच्या तिकिटाचे निम्मे पैसे मी भरले. तेव्हापासून रात्री बाराच्या पुढचं तिकीट असेल तर मी लाल पेनाने वर लिहायचो, "आदल्या रात्री घर सोडा", खरं तर आदल्या दिवशी सकाळीच सोडायला पाहिजे.

बाळीवेसच्या एक आजी: मागच्या वर्षी लेकाकडून सॅन फ्रान्सिस्कोहून सिंगापूरमार्गे परत आले. १० तारखेच्या रात्री बसले, उतरले तेव्हा १२ तारीख. मधली ११ ची संकष्टी गेली कुठे? मी बसताना ठरवलं होतं उपवास धरायचा. मोडला का?

आजी, तुमची ११ तारीख पॅसिफिकमधे पडली. तिथे १८० अंशाच्या आसपास एक मानलेली रेघ आहे, पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडली की पान एकदम उलटतं. रात्री अकराला बसलात, सतरा तास उडालात, आणि सिंगापूरचं घड्याळ तिथल्यापेक्षा उन्हाळ्यात पंधरा तास पुढे, म्हणजे बत्तीस तासांनंतरची वेळ, १२ ची सकाळ. पण ती तुम्हाला जाताना आधीच मिळाली होती बरं का. सिंगापूरहून मंगळवारी सकाळी नऊला निघालं की तिकडे मंगळवारीच सकाळी नऊच्या सुमाराला उतरतं, पंधरा तास उडून घड्याळ तिथल्या तिथे, एकाच तारखेचे दोन नाष्टे. देवाने फुकट दिलेली परत घेतली एवढंच. उपवासाचं मी तिकीटवाला काय सांगणार, चंद्रोदय कुठल्या गावचा धरायचा हे गुरुजींना विचारा, पण विमानात सतरा तास जे खायला देतात ते बघता तुमचा उपवास झालाच असं मी धरलं असतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून एक मेकॅनिक: ध्रुवावरून जाताना बाहेर उणे साठ असतं म्हणता, मग टाकीतलं तेल गोठत नाही का? आमचं डिझेल लेहला गोठतंय.

चांगला प्रश्न, असा प्रश्न गाडीखाली झोपलेला माणूसच विचारतो. विमानाचं जे तेल आपल्याकडे भरतात, जेट ए-वन, ते उणे ४७ ला गोठायला लागतं. बाहेर उणे साठ असलं तरी विमान एवढ्या वेगाने हवा दाबत जातं की पंखाच्या पत्र्यापाशी हवा पंचवीस-तीस अंशाने गरम होते, आणि टाक्या पंखातच असतात. तरी तेल हळूहळू थंड होतंच, म्हणून पायलटसमोर तेलाच्या तापमानाचा आकडा असतो, फार खाली यायला लागला तर ते विमान जरा खालच्या, उबदार हवेत आणतात नाहीतर वेग वाढवतात. जानेवारी २०२१ मधे, म्हणजे ऐन थंडीत, कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सोबतच्या पायलट, कॉकपिटमधे सगळ्या बायका, सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बेंगळुरूला विमान घेऊन आल्या. सरळ अंतर जवळपास चौदा हजार किलोमीटर, सतरा तास, तेल काही गोठलं नाही.

सात रस्ता, इयत्ता पाचवी: पृथ्वी फिरते तर विमान वर नुसतं उभं करायचं, अमेरिका खाली आली की उतरायचं. असं का नाही करत?

बाळा, हुतात्मा एक्स्प्रेसमधे बसल्यावर जागेवर उडी मारून बघ, डब्यातल्या पाठीमागच्या काकांच्या मांडीवर पडतोस का? नाही, कारण तू पण गाडीबरोबर पळत असतोस. आपलं सोलापूर आत्ता ताशी जवळपास १,५९० किलोमीटरने पूर्वेला पळतंय आणि त्याच्याबरोबर वरची सगळी हवा पण, म्हणून वर उभं राहिलेलं हेलिकॉप्टर पण सोलापूरवरच राहतं. उडी मारताना टीसी बघत नाही ना तेवढं बघ.

दक्षिण कसब्यातून एक आजोबा: आमच्या वेळी परदेश म्हणजे बोट. किती दिवस लागायचे ते लिहा, नातवंडांना खरं वाटत नाही.

आजोबा, लांब कशाला जायचं, भैय्या चौकातल्या स्मारकात नातवंडांना घेऊन जा. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून बोटीत बसले ते चीनला लागायला दोन आठवड्यांच्या वर गेले, आणि तिथून पुढे आतला प्रवास वेगळाच. विमानाचं म्हणाल तर एअर इंडियाचं पहिलं परदेशी उड्डाण ८ जून १९४८, मलबार प्रिन्सेस नावाचं विमान, मुंबईहून कैरो आणि जिनिव्हाला थांबत लंडनला दोन दिवसांनी १० तारखेला. आता तेच ७,२०० किलोमीटर नऊ-दहा तासांत होतं आणि तरी माणसं उतरताना कुरकुरतात.

सैफुलमधून, नाव कळवू नये म्हणणाऱ्या एक वहिनी: शेंगा चटणी हातातल्या बॅगेत चालते का? सासूबाई दोन किलो देतायत.

नका नेऊ हातात. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात साडेतीनशे मिलीलीटरपेक्षा जास्त कुठलीही पूड असेल तर ती वेगळी काढून तपासतात, आणि लालभडक पूड पिशवीतून काढून हुंगताना त्या साहेबाला शिंक आली तर मागची रांग तुम्हालाच बघणार. मोठ्या बॅगेत टाका, दोन पिशव्यांत, मधे टॉवेल गुंडाळून, टॉवेल आपल्याकडे कमी आहेत का. आणि उतरल्यावर फॉर्ममधे किंवा तोंडी विचारलं तर खायचं आणलंय असं सरळ सांगा, सांगितल्यावर फारतर बघतात, लपवलं तर दंड. दोन किलोतलं अर्धा किलो मात्र घरीच ठेवून जा, परत आल्यावर रात्री दोनला जागे होऊन भूक लागते तेव्हा लागेल.